व्हेकेशन रेंटलसाठी टॅक्स क्लासिफिकेशन: अमेरिकेत एक-दोन घरं भाड्याने देणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

टेनेसीत स्मोकी माउंटन्सच्या पायथ्याशी आमचं दोन बेडरूमचं केबिन आहे, आम्ही दोघं नोकरी सांभाळून ते चालवतो. ओळखीतलं कोणी असं घर घ्यायला निघालं की फोन येतो आणि प्रश्न तेच असतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. खालचं बहुतेक सगळं फेडरल टॅक्सबद्दल आहे, राज्याचं जिथे येतं तिथे तसं लिहिलंय.

एलएलसी काढली, मग टॅक्स क्लासिफिकेशन एलएलसीच झालं ना?

नाही, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. टॅक्स क्लासिफिकेशन म्हणजे टॅक्सच्या हिशोबासाठी तुम्हाला कुठल्या प्रकारात धरायचं ते. एलएलसी, म्हणजे लिमिटेड लायबिलिटी कंपनी, हा राज्याच्या कायद्यातला कंपनीचा प्रकार आहे, आयआरएसच्या, म्हणजे फेडरल टॅक्स खात्याच्या, लेखी एलएलसी नावाचा टॅक्सचा प्रकारच नाही. १९९७ पासून जे चेक-द-बॉक्स नियम आहेत त्यांच्याप्रमाणे एलएलसीचा मालक एकच असेल तर ती डिसरिगार्डेड एंटिटी, म्हणजे टॅक्सपुरतं ती कंपनी आहे असं धरतच नाहीत, सगळा हिशोब तुमच्या १०४० वर, म्हणजे वैयक्तिक रिटर्नवर, येतो. मालक दोन किंवा जास्त असतील तर पार्टनरशिप. हे आपोआप मिळतं, त्यासाठी काही भरावं लागत नाही. वेगळं काही हवं असेल तरच फॉर्म, सी कॉर्पसाठी (टॅक्स कॉर्पोरेशन स्वतः भरते) ८८३२ आणि एस कॉर्पसाठी (कॉर्पोरेशनच, पण नफा-तोटा मालकांच्या रिटर्नवर जातो) २५५३.

एलएलसीमुळे टॅक्स कमी होतो हेही मी बरेचदा ऐकते, तर तसं काही नाही. तिचा उपयोग कोणी पायऱ्यांवरून घसरून पडलं आणि दावा ठोकला तर तुमची बाकीची मालमत्ता वाचावी यासाठी, आणि तरीही चांगला इन्शुरन्स लागतोच.

एअरबीएनबीच्या स्क्रीनवर टॅक्स क्लासिफिकेशन विचारतात तिथे काय टिक करू?

हा डब्ल्यू-९ फॉर्मच असतो, म्हणजे पैसे देणाऱ्याला आपलं नाव आणि टॅक्सचा नंबर कळवायचा फॉर्म, फक्त स्क्रीनवर. आम्ही रात्री अकरा वाजता पहिलं लिस्टिंग टाकत होतो आणि इथेच अडलो, कारण समोर लिमिटेड लायबिलिटी कंपनी असा चौकोन दिसतो आणि हात आपोआप तिकडे जातो. तुमची एलएलसी एकट्याची असेल आणि कुठलाही इलेक्शन फॉर्म (वरचे ८८३२ किंवा २५५३) भरला नसेल तर तो चौकोन तुमच्यासाठी नाहीये. पहिल्या ओळीत तुमचं स्वतःचं नाव, दुसऱ्या ओळीत एलएलसीचं, आणि टिक इंडिव्हिज्युअल किंवा सोल प्रोप्रायटरवर. नंबरही तुमचा, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर, एलएलसीचा ईआयएन (कंपनीचा टॅक्स नंबर) नाही. एलएलसीचा चौकोन पार्टनरशिप, सी कॉर्प किंवा एस कॉर्प असलेल्यांचा, तिथे शेजारी पी, सी किंवा एस लिहावं लागतं. नाव आणि नंबर जुळले नाहीत तर प्लॅटफॉर्मला २४ टक्के बॅकअप विथहोल्डिंग, म्हणजे तुमच्या पैशांतून आधीच टॅक्स, कापावं लागू शकतं, आणि ते पैसे रिटर्न भरून परत मिळेपर्यंत अडकून राहतात.

सगळे म्हणतात एस कॉर्प करा, सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स वाचतो. करू का?

घर त्यात ठेवणार असाल तर माझं स्पष्ट मत आहे, करू नका. जो टॅक्स वाचवायला एस कॉर्प करतात तो टॅक्स बहुतेक व्हेकेशन रेंटलवाल्यांना मुळात लागतच नाही. नुसतं घर भाड्याने देऊन आलेल्या उत्पन्नावर १५.३ टक्क्यांचा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतःचा धंदा करणाऱ्यांना सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी लागणारा) नसतो, ते शेड्युल ई वर, म्हणजे १०४० च्या भाड्याच्या उत्पन्नाच्या पुरवणीवर, जातं. समजा सगळा खर्च जाऊन ४० हजार डॉलर उरले, शेड्युल ई वर त्यावर इन्कम टॅक्स लागेल पण सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स शून्य. आता तेच एस कॉर्पमध्ये टाकलं आणि तुम्ही स्वतः त्यात काम करता म्हणून स्वतःला २० हजार पगार दाखवला, तर त्या पगारावर दोन्ही बाजूंचा (कंपनीचा आणि तुमचा) मिळून ३,०६० डॉलर पेरोल टॅक्स लागला, शिवाय पेरोल सर्व्हिसची फी, शिवाय ११२०-एस, म्हणजे एस कॉर्पच्या वेगळ्या रिटर्नची फी. म्हणजे नसलेलं दुखणं विकत घेतलं.

आम्हाला पहिल्या वर्षी ज्यांनी सल्ला दिला त्यांनी हेच करायला सांगितलं होतं, आम्ही २५५३ भरून सहीसुद्धा केली होती, आणि निव्वळ नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने वेळेवर विचारलं की अरे उद्या घर बाहेर कसं काढणार, म्हणून ते पाकीट पोस्टात पडलं नाही.

तो प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. घर कॉर्पोरेशनमध्ये टाकणं सोपं, काढणं महाग. पाच वर्षांनी घर परत स्वतःच्या नावावर घेतलंत तर कायदा असं मानतो की कॉर्पोरेशनने ते बाजारभावाने विकलं, एक पैसाही हातात न येता वाढलेल्या किमतीवर टॅक्स भरावा लागतो. मालक गेला तर वारसांना शेअर्सची किंमत नव्याने धरून मिळते, आतल्या घराची नाही. आणि कॉर्पोरेशनने काढलेलं कर्ज एस कॉर्पमध्ये तुमच्या बेसिसमध्ये (टॅक्सच्या हिशोबातल्या तुमच्या गुंतवणुकीत) धरत नाहीत, पार्टनरशिपमध्ये धरतात, त्यामुळे मॉर्गेज मोठं असेल तर तोटा असूनही तो वापरता येत नाही. डिसरिगार्डेड किंवा पार्टनरशिपमध्ये यातलं काहीच आड येत नाही.

मग एस कॉर्प कोणाला कामाची?

जे खरोखर पाहुणचाराचा धंदा करतात त्यांना. म्हणजे रोज खोली झाडणं, गेस्ट राहत असतानाच चादरी-टॉवेल बदलणं, नाश्ता देणं, सहली काढून देणं, थोडक्यात हॉटेलसारखं. याला सबस्टॅन्शियल सर्व्हिसेस म्हणतात आणि त्या दिल्या की उत्पन्न शेड्युल सी वर, म्हणजे धंद्याच्या उत्पन्नाच्या पुरवणीवर, जातं आणि सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स लागतो. ४० हजारांवर तो साधारण ५,६५० होतो. १ लाख २० हजारांवर जवळपास १६,९५०, आणि तिथे ६० हजारांचा पटण्यासारखा पगार घेतला तर पेरोल टॅक्स ९,१८०, म्हणजे फी वगैरे जाऊनही काही उरतं. दुसऱ्यांची घरं मॅनेज करून कमिशन घेणाऱ्यांनाही हेच लागू. पण तिथेसुद्धा घर वेगळ्या एलएलसीत किंवा स्वतःच्या नावावर आणि फक्त सर्व्हिसचा धंदा एस कॉर्पमध्ये, अशी मांडणी मला जास्त पटते.

वायफाय, साफसफाई, कचरा हे सर्व्हिसेसमध्ये येतं का?

वीज, हीटिंग, कचरा उचलणं, वायफाय, हे येत नाही. एक गेस्ट गेला आणि दुसरा यायच्या आत केलेली साफसफाई ही घर भाड्याने देण्यायोग्य ठेवण्याचा भाग धरली जाते. फ्रिजवर स्वागताची चिठ्ठी आणि कॉफीचं पाकीट ठेवलं म्हणून कोणी शेड्युल सी वर जात नाही. गेस्ट आत राहत असताना तुम्ही त्याच्या सोयीसाठी काय करता, तिथे रेघ आहे. आयआरएसच्या वकिलांनी २०२१ च्या डिसेंबरमध्ये यावर एक मेमो काढला, त्यात दोन उदाहरणं घेऊन हाच फरक दाखवलाय.

सात दिवसांचा नियम म्हणजे काय? त्याने पगारावरचा टॅक्स कमी होतो म्हणतात.

याला जरा वेळ द्या, कारण एस कॉर्प की पार्टनरशिप यापेक्षा याने जास्त फरक पडतो.

भाड्याचं उत्पन्न साधारणपणे पॅसिव्ह, म्हणजे स्वतः काम न करता आलेलं, धरतात, आणि पॅसिव्ह तोटा पगारातून वजा होत नाही. २५ हजार डॉलरची एक सूट आहे पण उत्पन्न १ लाखाच्या वर गेलं की ती कमी कमी होत दीड लाखाला संपते, म्हणजे दोघंही नोकरी करणाऱ्या घरात ती सहसा उरतच नाही. तोटा पुढच्या वर्षांत ढकलला जातो. पण गेस्टचा सरासरी मुक्काम ७ दिवस किंवा कमी असेल तर या नियमांपुरतं ते घर भाड्याचं धरतच नाहीत, आणि मग तुम्ही त्यात स्वतः भरपूर काम करत असाल, म्हणजे मटेरियल पार्टिसिपेशन असेल, तर तोटा पॅसिव्ह राहत नाही आणि पगारासमोर चालतो. आणि सर्व्हिसेस नसतील तर तो शेड्युल ई वरच राहतो, सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही नाही.

सरासरी कशी काढायची, तर वर्षात भाड्याने गेलेले एकूण दिवस भागिले बुकिंगची संख्या. ८० रात्री २० बुकिंगमध्ये गेल्या तर सरासरी ४. आता त्याच वर्षी हिवाळ्यात कोणी तीन महिन्यांसाठी घर घेतलं, ९० रात्री, एकच बुकिंग, तर झाले १७० भागिले २१, म्हणजे ८.१, आणि अख्ख्या वर्षाचा तोटा पॅसिव्ह झाला. ते लांब बुकिंग घ्यायला माझी ना नाही, उलट थंडीत घर रिकामं राहण्यापेक्षा बरं, पण हो म्हणायच्या आधी हा भागाकार करा.

उलट बाजूही बघा. सरासरी ७ च्या खाली आहे पण सगळं मॅनेजमेंट कंपनीवर सोडलंय, तर तोटा पॅसिव्हच राहतो, आणि भाड्याचं घर नाही म्हटल्यामुळे ती २५ हजारांची सूटसुद्धा मिळत नाही, म्हणजे दोन्हीकडून गेलं.

मटेरियल पार्टिसिपेशनसाठी किती तास लागतात?

सात कसोट्या आहेत, त्यातली एक जरी पास झाली तरी चालतं. आपल्यासारख्यांना दोन उपयोगी: वर्षात ५०० तासांपेक्षा जास्त, किंवा १०० तासांपेक्षा जास्त आणि शिवाय इतर कुठल्याही एका माणसाच्या तासांपेक्षा कमी नाही. दुसरीत लोक सफाईवालीला विसरतात. वर्षात ६० वेळा गेस्ट बदलले आणि ती दर वेळी ३ तास लावते, तर तिचे १८० झाले, तुमचे १३० असतील तर उपयोग नाही. नवरा-बायकोचे तास मात्र एकत्र धरता येतात, हे फार कामाला येतं. नुसतं बँक स्टेटमेंट बघणं, पुढचं घर शोधत बसणं असले गुंतवणूकदाराचे तास धरत नाहीत.

आणि तास त्याच दिवशी लिहा. आमच्याकडे केबिनच्या किल्लीच्या खणात एक लांबट वही असते, तारीख, काय केलं, कोणी, किती वेळ. "हॉट टबचा फिल्टर, मी, ५० मिनिटं." "रात्री गेस्टचा फोन, कुलूप उघडेना, तो, २५ मिनिटं." असल्या ओळी आहेत. वर्ष संपल्यावर अंदाजाने तयार केलेले तक्ते टॅक्स कोर्टाने कितीतरी केसेसमध्ये नाकारलेत.

नवरा-बायको दोघं एलएलसीत असलो तर?

मग ती दोन सदस्यांची एलएलसी, म्हणजे पार्टनरशिप, म्हणजे दर वर्षी फॉर्म १०६५ (पार्टनरशिपचं रिटर्न) आणि दोघांना के-१ (आपापल्या वाट्याचा हिशोब). तुम्ही एकत्र रिटर्न भरता म्हणून हे टळत नाही. तारीख १५ मार्च, १५ एप्रिल नाही. उशीर झाला तर दंड दर सदस्यामागे दर महिना लागतो, २०२४ च्या रिटर्नसाठी २४५ डॉलर होता, टॅक्स शून्य असला तरी. दोन सदस्य, पाच महिने उशीर, २,४५० डॉलर झाले. नोटीस आलीच तर घाबरून लगेच चेक पाठवू नका, आधीची तीन वर्षं स्वच्छ असतील तर पहिल्या वेळचा दंड माफ करून मागता येतो.

कॅलिफोर्निया, टेक्सास, ॲरिझोना, वॉशिंग्टन यांसारख्या नऊ कम्युनिटी प्रॉपर्टी (लग्नानंतरची कमाई दोघांची धरणाऱ्या) राज्यांत राहत असाल तर फक्त नवरा-बायकोची एलएलसी डिसरिगार्डेड धरायची मुभा आहे, १०६५ वाचतो. न्यू जर्सी किंवा इलिनॉयवाल्यांना ही सोय नाही. तिथे एकाच्या नावावर एलएलसी ठेवली तर काम खूप हलकं होतं, पण घर कोणाच्या नावावर असावं हा टॅक्सपेक्षा मोठा विषय आहे, तो घरात बसून ठरवा.

आईबाबा भारतातून पैसे देणार आहेत, त्यांना भागीदार करू का?

अमेरिकेचा टॅक्स रेसिडेंट नसलेला माणूस एस कॉर्पचा शेअरहोल्डर होऊ शकत नाही. एक टक्का जरी दिला तरी त्या दिवशी एस कॉर्पचा दर्जा संपतो. पार्टनरशिपमध्ये ते येऊ शकतात पण मग त्यांच्या वाट्यावर विथहोल्डिंग, त्यांचं १०४०-एनआर (रेसिडेंट नसलेल्यांचं) रिटर्न, सगळं आलं. आणि एलएलसी पूर्णपणे त्यांच्याच नावावर केली तर फॉर्म ५४७२ दर वर्षी भरावा लागतो आणि तो चुकला तर दंड २५ हजार डॉलरपासून सुरू होतो. त्यांनी पैसे भेट म्हणून द्यावेत आणि घर तुमच्या नावावर राहावं, हे बहुतेकांना सोपं पडतं. एका वर्षात परदेशातून आलेल्या भेटी १ लाख डॉलरच्या वर गेल्या तर फॉर्म ३५२० भरायचा, त्यावर टॅक्स नसतो पण भरायला विसरलात तर दंड भारी आहे.

एच-१बी वर आहे, चालेल ना?

सबस्टॅन्शियल प्रेझेन्स टेस्ट (अमेरिकेत किती दिवस राहिलात याची कसोटी) पास असाल तर टॅक्ससाठी तुम्ही रेसिडेंट आहात, एस कॉर्पचे शेअर्ससुद्धा ठेवू शकता. पण टॅक्सचा रेसिडेंट असणं आणि काम करायची परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर ५०० तासांचं जे लिहिलंय ते एच-१बी वाल्यांनी (त्या व्हिसावर ठराविक मालकाकडेच काम करता येतं) वाचताना थांबा, कारण पगारासमोर तोटा लावायला तुम्ही जे कागदावर मांडणार तेच इमिग्रेशनच्या बाजूने अडचणीचं ठरू शकतं. इथे आधी इमिग्रेशन वकील, मग सीपीए, म्हणजे टॅक्सचा अकाउंटंट.

सी कॉर्पचा २१ टक्के दर कमी वाटतोय.

दिसायला कमी. कॉर्पोरेशनने २१ टक्के भरल्यावर तुम्ही पैसे बाहेर काढले की डिव्हिडंडवर परत टॅक्स. सुरुवातीच्या वर्षांतला तोटा आतच अडकतो. घर विकताना कॅपिटल गेनचा सवलतीचा दर कॉर्पोरेशनला नाही. एक-दोन घरांसाठी याचा विचारसुद्धा करू नका.

दिवाळीत भावाचं कुटुंब चार दिवस केबिनवर राहिलं, त्याचं काय?

ते तुमचे वैयक्तिक वापराचे दिवस. भाऊ-बहीण, आईवडील, मुलं राहिली की पैसे दिले तरी ते दिवस तुमच्याच खात्यात धरतात. असे दिवस १४ पेक्षा, किंवा भाड्याने गेलेल्या दिवसांच्या १० टक्क्यांपेक्षा, यातलं जे जास्त असेल त्याच्या वर गेले की घर तुमचं निवासस्थान ठरतं आणि खर्च भाड्याच्या उत्पन्नापेक्षा जास्त दाखवता येत नाही. तोट्याचं सगळं गणित तिथेच बंद. दिवसभर रंगकाम, डागडुजीला गेलात तर तो दिवस धरत नाहीत, पण बिलं आणि फोटो ठेवा.

याची गोड बाजूही आहे. राहतं घर वर्षात १५ पेक्षा कमी दिवस भाड्याने दिलं तर ते उत्पन्न दाखवावंच लागत नाही, मग ते कितीही असो. जॉर्जियातल्या ऑगस्टामध्ये मास्टर्स गोल्फच्या आठवड्यात लोक घरं देतात त्यावरून याला ऑगस्टा रूल म्हणतात.

डिप्रिसिएशन २७.५ वर्षांनी की ३९?

डिप्रिसिएशन म्हणजे घराची किंमत इतक्या वर्षांत वाटून दर वर्षी खर्च म्हणून दाखवणं. रात्र-दोन रात्रींसाठी जाणारं घर असेल तर सहसा ३९, कारण २७.५ हे राहायला दिलेल्या घरांसाठी आहे, येत्या-जात्या पाहुण्यांच्या जागेसाठी नाही. सॉफ्टवेअर बरेचदा रेसिडेन्शियल निवडलं की २७.५ लावून मोकळं होतं, तपासा. जमिनीची किंमत वेगळी काढायची, तिला डिप्रिसिएशन नाही. फर्निचर, फ्रिज, हॉट टब यांना १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलं असेल तर १०० टक्के बोनस, म्हणजे सगळी किंमत पहिल्याच वर्षी खर्चात, परत आलाय. विकताना यातलं बरंच टॅक्समध्ये परत येतं हे लक्षात ठेवून वापरा.

राज्याचं काय वेगळं असतं?

बरंच. कॅलिफोर्निया एलएलसीकडून दर वर्षी किमान ८०० डॉलर घेते, आणि तुम्ही तिथे बसून दुसऱ्या राज्यातली एलएलसी चालवत असाल तरी मागते. टेनेसीत पगारावर राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून लोक खुश होतात, पण एलएलसीला फ्रँचायझ आणि एक्साइज टॅक्स आहे, नफ्यावर ६.५ टक्के, आणि फ्रँचायझचा भाग किमान १०० डॉलर, डिसरिगार्डेड असली तरी. आम्हाला हे घर घेतल्यावर कळलं. हॉटेलसारखा ऑक्युपन्सी टॅक्स तर क्लासिफिकेशन काहीही असो, लागतोच, प्लॅटफॉर्मवरचं बुकिंग असेल तर बऱ्याच ठिकाणी तेच भरतात, थेट फोनवर आलेलं बुकिंग मात्र तुमच्या डोक्यावर.

२५५३ भरून झालाय आणि आता पश्चात्ताप होतोय.

घर अजून स्वतःच्या नावावर असेल, एलएलसीत टाकलं नसेल, तर काहीच बिघडलेलं नाही, टाकू नका. एस इलेक्शन रद्द करायचं पत्र १५ मार्चच्या आत गेलं तर ते त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून लागू होतं. पण नुसतं रद्द केल्याने एलएलसी परत डिसरिगार्डेड होत नाही, ती सी कॉर्प होऊन बसते, आणि परत एस व्हायला साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. घर आत गेलं असेल तर बाजारभाव जेमतेम खरेदीइतका असताना, म्हणजे जितक्या लवकर तितकं बरं, ते बाहेर काढायचा हिशोब सीपीएकडून आकड्यांत करून घ्या. त्यांना पहिलाच प्रश्न हा विचारा की आज घर बाहेर काढलं तर टॅक्स किती, आणि उत्तर कागदावर लिहून मागा.